‘आत जाऊन आला’ म्हणजे नेमकं कुठे?

प्रश्न : माझ्या भाचीसाठी चाळीसगाव तालुक्यातल्या एका खेड्यातलं स्थळ आलं आहे. माणसं बरी, शेती बागायती. पण परवा एका पंगतीत शेजारी बसलेला गृहस्थ हळूच म्हणाला, ‘पोरगा आत जाऊन आलाय बरं.’ अमेरिकेतला माझा मुलगा सांगतो, तिकडे काउंटीच्या वेबसाइटवर अटक झालेल्यांची नावं फोटोसकट कुणालाही दिसतात. आपल्याकडे असं काही बघता येतं का?
— एक वाचक, मेहरूण, जळगाव

उत्तर : थोडंफार येतं. पण आधी तुमच्या मुलाच्या काउंटीबद्दल. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा किंवा तालुका. अमेरिकेत अशा ३,००० हून अधिक काउंट्या आहेत आणि बहुतेक ठिकाणी पोलिसप्रमुख, म्हणजे शेरीफ, लोकांच्या मतांवर निवडून येतो. त्याच्या कोठडीत कोण आलं, आरोप काय, जामीन किती, हे अनेक ठिकाणी जाहीर असतं. सरकारने कुणाला गुपचूप उचलू नये हा त्यामागचा विचार. पुढे त्याचा धंदा झाला. ते फोटो गोळा करून स्वतःच्या साइटवर टाकायचे आणि काढायला पैसे मागायचे, असे उद्योग इतके वाढले की काही राज्यांना त्याविरुद्ध कायदे करावे लागले. निर्दोष सुटलेल्या माणसाचाही फोटो तिथे लटकत राहायचा.

आपल्याकडेही कागदावर अशी सोय आहे, पण ती वेगळ्या पोटतिडकीतून आली. १९८६ मध्ये पश्चिम बंगालच्या डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. ते पत्रच याचिका मानलं गेलं आणि डिसेंबर १९९६ मध्ये निकाल आला. अटकेचा पंचनामा साक्षीदारासमोर करा, नातेवाइकाला कळवा, नियंत्रण कक्षातल्या फलकावर माहिती लावा, अशा सूचना त्यात होत्या. आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३७ सांगतं, की अटक झालेल्याचं नाव, पत्ता आणि गुन्ह्याचं स्वरूप प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायचं. डिजिटल पद्धतीनेही चालेल. ही नोंद ठेवणारा अधिकारी सहायक फौजदाराच्या खालचा नको. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. हा फलक आईबापांसाठी आहे. पोरगं कुठल्या ठाण्यात आहे हे त्यांना कळावं म्हणून. सोयरीक जुळवणाऱ्यांचा विचार तो करताना कुणी केलेला नव्हता. तिथे आजची नावं मिळतील, चार वर्षांपूर्वीची नव्हे.

आता तुमच्या पंगतीतल्या गृहस्थाकडे वळू. ‘आत जाऊन आला’ या तीन शब्दांत काय काय मावतं बघा. गणपती विसर्जन किंवा निवडणुकीच्या तोंडावर पोलीस गावातली चार पोरं प्रतिबंधक कारवाई म्हणून उचलतात. पूर्वी त्याला ‘एकशे एक्कावन्न’ म्हणायचे, आता ते कलम १७० झालं. दुसऱ्या कायद्याचा आधार नसेल तर २४ तासांपलीकडे ठेवता येत नाही, आणि गुन्हा घडलाच पाहिजे असंही नाही. गावाच्या लेखी मात्र पोरगा ‘आत’ गेलेला असतो. याच्या उलटही होतं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेशकुमार प्रकरणात बजावलं. त्यामुळे फसवणुकीचा गुन्हा नोंदलेला माणूस नुसती नोटीस घेऊन घरी जेवायला येऊ शकतो. गावाला पत्ताही लागत नाही. म्हणून अटक झाली की नाही हे शोधण्यापेक्षा गुन्हा नोंदला का आणि त्याचं पुढे काय झालं, हे शोधा.

गुन्ह्यासाठी महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर ‘प्रकाशित एफआयआर’ असा भाग आहे. एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावेत, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश सप्टेंबर २०१६ चा. लैंगिक गुन्हे, पोक्सो, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळली जातात, म्हणजे यादीत नाव नसलं की माणूस धुतल्या तांदळासारखा, असं समजू नका. जिल्हा आणि पोलीस ठाणं निवडावं लागतं आणि इथेच लोक फसतात. चाळीसगाव तालुका म्हणून चाळीसगाव शहर ठाण्यात शोधत बसतात. गाव असतं चाळीसगाव ग्रामीण किंवा मेहुणबारे ठाण्याच्या हद्दीत. तुमचंच बघा. मेहरूणच्या भानगडींच्या बातम्यांत कितीदा एमआयडीसी पोलीस ठाण्याचं नाव असतं!

गुन्ह्याचा क्रमांक हाती आला की ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जा. तिथे ठाणं, एफआयआर क्रमांक आणि वर्ष टाकून खटला सापडतो. नावानेही शोधता येतं. पण जळगाव जिल्ह्यात ‘पाटील’ शोधणं म्हणजे रावेरच्या बागेत केळी शोधणं. वडिलांचं नाव, गाव, वय जुळल्याशिवाय कुणाचाही खटला कुणाच्या गळ्यात बांधू नका. आणि खटला जिथे घटना घडली तिथेच चालेल, असंही धरून चालू नका. जळगावच्या घरकुल घोटाळ्याचा गुन्हा २००६ मध्ये नोंदला गेला, माजी मंत्री सुरेश जैन यांना अटक झाली मार्च २०१२ मध्ये आणि ३१ ऑगस्ट २०१९ ला ४८ जणांना दोषी ठरवणारा निकाल लागला तो धुळ्याच्या विशेष न्यायालयात. त्यावर पुढे अपिलंही झाली. २०१२ ची नुसती अटकेची नोंद पाहून यातलं किती कळलं असतं?

माहिती अधिकाराचा अर्ज बहुधा परत येईल. दुसऱ्याची वैयक्तिक माहिती, असं कारण मिळेल. मुलगा तेव्हा १८ वर्षांखालचा असेल तर त्याची ओळख उघड करायला कायद्यानेच मनाई आहे. चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र ज्याचं त्यालाच काढता येतं. तो आमदारकीला उभा राहिला असता तर काम सोपं होतं, प्रलंबित खटले शपथपत्रात लिहून द्यावे लागले असते! नवरदेवासाठी तसा नियम नाही.

राहिला पोलीस पाटील. त्याला बरंच ठाऊक असतं, पण त्याचंही गावात कुणाशी तरी बांधावरून वाकडं असतंच. त्याच्याकडून गोष्ट ऐकू नका. ठाणं कुठलं आणि साल कुठलं, एवढंच विचारून घ्या. मग मुलाच्या वडिलांना सरळ विचारा. खरं सांगणारा माणूस खटल्याचा क्रमांकही सांगतो. तो घेऊन ई-कोर्ट्सवर पान उघडा आणि ‘निकाली’ एवढं वाचून बंद करू नका. निर्दोष, शिक्षा की तडजोड, हे त्याच्याजवळच लिहिलेलं असतं. निकालपत्र तिथे मिळालं नाही, तर त्या न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून पाहता येईल. आणि त्या पंगतीतल्या गृहस्थाला एक विचाराच : त्यांच्याही घरात लग्नाची मुलगी आहे का?