खाजणांतील मत्स्यतळीं : पाण्याची आम्लता व चुन्याचा उपयोग

मुंबईच्या पूर्वेस माहुल गांवाजवळ खाडीला ओहोटी लागली म्हणजे तिवरांच्या मुळांशीं काळा, कुजक्या अंड्यांच्या वासाचा चिखल उघडा पडतो. कोंकणांतील पुष्कळ जुनीं खाजणें अशाच चिखलावर बांध घालून झालेलीं आहेत. नवीन तिवरतोडीस मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयानें मनाई आहे. परंतु जुन्या खाजणांत ज्यांना मासे वा कोळंबी पोसावयाची असेल, त्यांनीं प्रथम या चिखलाचा गुण ओळखला पाहिजे.

त्यांत लोह व गंधक यांचें संयुग असतें. पाण्याखालीं असेपर्यंत तें निरुपद्रवी होय. तळें खणून माती बांधावर टाकली व ती सुकली, म्हणजे हवेंतील प्राणवायूच्या योगानें गंधकाम्ल तयार होतें. मृगाच्या सरींबरोबर तें तळ्यांत उतरतें, आणि काल धडधाकट दिसणारे मासे आज मरूं लागतात.

आम्लता ‘पीएच’ या अंकानें मोजतात. ७ हा मध्य. त्याखालीं आम्ल, त्यावर अल्क. माशांस ६.५ ते ८.५ मानवतो, ४ च्या खालीं ते सहसा जगत नाहींत. परंतु एका वेळच्या अंकावर विसंबूं नये. दिवसा शेवाळ कर्बवायू शोषतें म्हणून दुपारीं अंक चढतो. रात्रींच्या श्वसनानें तो पहाटे उतरतो. हा चढउतार आवरणें विरघळलेल्या कर्बितांच्या हातीं असतें. पीएच हा रोजचा खर्च, तर कर्बितें हें पेवांतील धान्य होय. चुनखडीच्या मापानें समुद्राच्या पाण्यांत ही शिल्लक दर लिटरला सुमारें १२० मिलिग्रॅम असते. पावसाच्या पाण्यांत जवळजवळ नसतेच. म्हणून पेंव रिकामें होण्याचा धोका पावसाळ्यांतच अधिक.

यास्तव पुढील क्रम ठेवावा :

१. बीज सोडण्यापूर्वीं तळ सुकवून खारें पाणी भरावें. अंक ४ च्या खालीं गेल्यास तें सोडून पुन्हां भरावें. अंक ५ च्या वर टिकेपर्यंत हें चालू ठेवावें. सोडलेलें पाणी शेजाऱ्याच्या भातांत जाऊं देऊं नये.

२. नंतर तळावर व बांधाच्या आंतील उतारावर चुनखडीची वा शिंपल्यांची बारीक पूड टाकावी. आम्ल जमिनीस एकरीं ४०० ते ८०० किलो लागते.

३. कळीचा चुना मासे असतांना टाकूं नये. अंक एकदम चढून मासे मरतात.

४. पावसाळ्यांत पहाटे व दुपारीं पीएच पाहावा, आणि आठवड्यांतून एकदां कर्बितांची शिल्लक तपासावी. ती ५० मिलिग्रॅमच्या खालीं येतांच पूड द्यावी.

मासे पृष्ठभागीं येऊन तडफडूं लागल्यावर चुना शोधणें व्यर्थ होय. तो वैशाखांतच बांधावर येऊन पडलेला असावा.