चाचांसाठी संगणक घेताना

पेणला पोह्या-पापडाचे किंवा रोह्याला हार्डवेअरचे दुकान चालवणारे वडीलधारे, आणि मुलगा वा पुतण्या मुंबईत नाहीतर आखातात, हे आपल्या कोकणी घरांतले नेहमीचे चित्र. मुलगा सुट्टीत येतो, महागडा लॅपटॉप ठेवून जातो आणि महिनाभरात तो कपाटात जातो. दोष चाचांचा नसतो. यंत्र त्यांचे काम पाहून घेतलेलेच नसते.

म्हणून आधी चाचांची वही पाहावी. उधारी किती जणांची, बिले कोण लिहितो? केवळ माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत असल्यास सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. अशा लहान दुकानाला वही आणि मोबाइल पुरतात. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२व्या आयतीत आहे. तो कागदावर लिहिला तरी चालतो.

काम मोठे असेल तर दुकानासाठी लॅपटॉपपेक्षा टेबलावरचा संगणक बरा. पडदा मोठा, अक्षरे ठळक, आणि कीबोर्ड बिघडला तर तेवढाच बदलता येतो. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा यूपीएस हवाच. मराठी व उर्दू टंकलेखनाची सोय विंडोजमध्येच असते, त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत.

लॅमिंग्टन रोडवर दुरुस्त केलेले जुने संगणक स्वस्त मिळतात. तिथे जपून. विंडोज १० चा सर्वसाधारण सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या किंवा पुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. विक्रेता 'आय-सेव्हन आहे' म्हणून भुलवतो. आपण पिढी विचारावी. या कामाला सहाव्या पिढीच्या आय-सेव्हनपेक्षा आठव्या पिढीचा आय-थ्री चांगला. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी पुरे. जुनी हार्डडिस्क सावकाश सुरू होते, आणि नवशिका माणूस तेवढ्यात भलतीच बटणे दाबून बसतो.

हप्त्यांबाबत एक गोष्ट. 'शून्य टक्के व्याज' ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. व्याज बहुधा प्रक्रिया शुल्कात दडवले जाते. सूद टाळणाऱ्याने रोखीचा भाव वेगळा विचारावा.

किमतीइतकाच महत्त्वाचा प्रश्न, बिघडल्यावर चाचा कोणाकडे जाणार? रोह्याच्या दुकानासाठी ठाण्यात खरेदी केली, तर दुरुस्तीसाठी दिव्याच्या गाडीत एक दिवस जातो. गावातल्या कारागिराकडून दोन हजार जास्त देऊन घेतलेले परवडते.

यंत्र बसवल्यावर पडद्यावर चारच चिन्हे ठेवावीत आणि त्यांची नावे मराठीत लिहावीत. दर जुम्म्याला नमाजसाठी दुकान बंद करण्यापूर्वी हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. 'बँकेतून बोलतोय, हे ॲप टाका' असा फोन आला तर काही न टाकता तो ठेवून द्यावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवावे. हा क्रमांक जाड अक्षरांत लिहून गल्ल्याजवळ चिकटवावा.