नव्या मुख्याध्यापिकेसाठी

पोरी, पदभार घेताना कपाटांच्या किल्ल्या मोजून घेशीलच. त्याआधी शाळेची दारं मोज. प्रत्येक वर्गातून मुलं कुठून बाहेर पडतील, ते स्वतः चालून बघ. मागच्या फाटकाला कुलूप असेल, जिन्यात मोडके बाक रचलेले असतील, तर पहिल्याच दिवशी ते हलव. कुंभकोणमच्या शाळेत 16 जुलै 2004 रोजी स्वयंपाकघरातली आग शाकारलेल्या छपरापर्यंत पोचली आणि 94 मुलं गेली. डबवालीत 23 डिसेंबर 1995 रोजी शाळेच्या कार्यक्रमाचा मांडव पेटला, तेव्हा चारशेहून जास्त माणसं मेली. स्नेहसंमेलनाच्या मांडवाला दोन रुंद वाटा ठेवायला लाव. खुर्च्या कमी पडल्या तरी चालतील, वाटेत एकही नको.

खिचडीचा सिलिंडर वर्गाजवळ ठेवू देऊ नकोस.

भूकंपाचे हादरे चालू असताना मुलांना पळवू नये. बाकाखाली बसायचं, डोकं झाकायचं, बाकाचा पाय घट्ट धरायचा. हादरे थांबले की मैदानात, भिंती आणि विजेच्या तारांपासून लांब. पण 1993 मध्ये किल्लारीला दगडमातीच्या जाड भिंतींखालीच माणसं गाडली गेली. शाळा तसल्या जुन्या इमारतीत भरत असेल, तर बाकावर विसंबू नकोस. इमारतीच्या तपासणीची मागणी लेखी कर आणि पोच घे.

सराव परिपाठाच्या वेळी घेऊन काही कळत नाही, तेव्हा सगळे रांगेतच असतात. मधल्या सुट्टीत घे, पावसात घे, तू रजेवर असशील त्या दिवशी घ्यायला लाव. वीज गेली तर इलेक्ट्रिक बेल मुकी होते, म्हणून हाताने वाजवायची घंटा शिपायाच्या जागेपाशी टांगलेली असू दे. ज्या मुलाला चालता येत नाही, त्याला उचलणाऱ्या दोघांची नावं ठरव, आणि ते गैरहजर असतील तर आणखी दोघांची. स्वच्छतागृहात कोण डोकावणार, तेही आधीच ठरलेलं हवं.

दप्तरं, चपला आत राहिल्या तर राहू देत. हजेरीपट मात्र बाईंच्या हातात हवाच. मैदानात मोजताना एक मूल कमी भरलं, तर ते घरी गेलंय की आत अडकलंय, हे त्या पटावरूनच कळणार. म्हणून पोट दुखतं म्हणून दुपारी गेलेल्या पोराचीही नोंद त्याच क्षणी झाली पाहिजे. संध्याकाळी आठवून लिहिलेली हजेरी अशा वेळी घातक ठरते.

आणि पाऊस कोसळत असताना शाळा घाईने सोडू नकोस. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, रस्ते बुडाले. अशा दिवशी कोरड्या, उंचावरच्या वर्गात मुलं रात्रभर राहिली तरी चालेल. पिण्याचं पाणी, बिस्किटं, बॅटरी वरच्या मजल्यावर ठेव. मुलाला न्यायला कोण येऊ शकतं, त्यांची नावं आणि फोन नंबर जूनमध्येच पालकांकडून कागदावर घे. त्या यादीत नाव नसेल, तर माणूस कितीही ओळखीचं बोलला, तरी पालकांशी बोलणं झाल्याशिवाय मूल त्याच्या हाती देऊ नकोस.