कर्करोग आणि आपली रोजची राहणी

घरात कोणाला कर्करोग निघाला की नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टर, आमच्या घराण्यात हा रोग कोणालाच नव्हता, मग यांनाच कसा?" प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु आईवडिलांकडून वारशाने आलेला कर्करोग शंभरातल्या जेमतेम पाच ते दहा रुग्णांत आढळतो. बाकीच्यांच्या बाबतीत वाढते वय, काही विषाणू, कधी निव्वळ दुर्दैव आणि पुष्कळदा वर्षानुवर्षांची राहणी यांचा हात असतो. वय काही आपल्याला थांबविता येत नाही. राहणी मात्र बरीचशी आपल्या हातात आहे.

याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने 1963 साली कर्करोगाच्या रुग्णांची नोंदणी सुरू केली. पुढे 1987 साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. दोन्हीकडच्या आकड्यांत मोठी तफावत दिसली. स्तनाचा कर्करोग मुंबईच्या स्त्रियांत बार्शीपेक्षा कितीतरी जास्त, तर गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग बार्शीकडे अधिक. यातील दुसऱ्याचे मूळ एका विषाणूत आहे, त्याचा जेवणाशी संबंध नाही. पहिल्यामागे उशिरा होणारी लग्ने, कमी मुले, अंगावर कमी काळ पाजणे ही कारणे आहेत, आणि त्यांच्या जोडीला वाढलेले वजन व बैठे काम.

आता आपण वसईकर यांत कुठे बसतो? निर्मळ, भुईगाव, आगाशी या पट्ट्यात वाडीत राबणाऱ्या पिढीला व्यायामाचा वेगळा विचार करावा लागत नसे. बावखलाचे पाणी, केळीची खोदाई, डोक्यावर भाजीची पाटी यांतच दिवस जाई. आज त्यांचे नातू पहाटेची लोकल पकडतात, दिवसभर खुर्चीत बसतात आणि रात्री दहाला भरपेट जेवून झोपतात. घरापासून नाक्यापर्यंतही स्कूटर! आपण बार्शीकडून मुंबईकडे सरकलो आहोत, आणि पोटाचा घेर ते सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 साली जादा वजनाचा संबंध तेरा प्रकारच्या कर्करोगांशी जोडला. पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा, गर्भाशयाचा व मोठ्या आतड्याचा कर्करोग त्यांत येतात.

आहाराविषयी मात्र लोक भलत्याच गोष्टींची धास्ती घेतात. पावसाळ्यासाठी साठवलेल्या सुक्या मासळीविषयी मला हमखास विचारतात. चिनी पद्धतीने खारवलेल्या मासळीचा नाकामागच्या घशाच्या कर्करोगाशी संबंध सिद्ध झाला आहे. इतर खारवलेल्या मासळीबाबत तसा पुरावा नाही. रक्तदाब असेल तर मिठासाठी जपावे, एवढेच. सॉसेज, सलामी, हॅम यांसारखे टिकविलेले मांस मात्र रोजचे नसावे. दररोज 50 ग्रॅम असे मांस खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो, असे 2015 साली जाहीर झाले. बुरशी धरलेले शेंगदाणे सरळ फेकून द्यावेत. त्या बुरशीचे विष यकृताला घातक असते. आणि वाडीतली भाजी बाजारात पाठवून घरी खारी-बटर खाण्याची जी रीत पडली आहे, ती मला तरी कळत नाही. पालेभाजी, डाळी, सालीसकट फळे, भाकरी यांतला चोथा आतड्याचे रक्षण करतो.

दारूबद्दल थोडे कटू बोलावे लागेल. आपल्याकडे लग्नसमारंभात तिला मान आहे, परंतु कर्करोगाच्या दृष्टीने निर्धोक असे प्रमाण नाही. तोंड, अन्ननलिका, यकृत, स्तन हे सारे तिच्या तावडीत येतात. सोबत तंबाखू असेल तर तोंडाचा व घशाचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, तो गुणाकाराने वाढतो.

आणि आता सुपारी. तंबाखू, विडी, मिसरी वाईट हे सर्वांना ठाऊक आहे, जरी मिसरी लावणाऱ्या आजीबाई "दात घासते हो फक्त" असे सांगतात. पण "मी तंबाखूला शिवत नाही, नुसती सुपारी खातो" असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. वसईची पाने एकेकाळी लांबलांबच्या बाजारांत जात. त्या पानाला मी दोष देणार नाही. दोष सुपारीचा आहे. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, हे वर उल्लेखिलेल्या संस्थेने 2003 साली स्पष्ट केले. सुपारीतील द्रव्यांमुळे गालाच्या आतील मऊ त्वचा हळूहळू दोरीसारखी ताठ होते. आधी तिखट झोंबू लागते, मग तोंड पुरते उघडत नाही. सुपारी सोडल्यावरही हा ताठपणा पूर्णपणे जात नाही, आणि अशा तोंडात पुढे कर्करोग होण्याचा संभव बराच वाढतो. महाराष्ट्रात 2012 साली गुटखा व पानमसाल्यावर बंदी आली, तरी शाळकरी मुलांच्या खिशात पुड्या सापडतात. आई-वडिलांनी तिकडे लक्ष द्यावे.

सुपारी वा तंबाखू खाणाऱ्या प्रत्येकाने महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात आरशासमोर उभे राहावे. गालांच्या आत, जिभेच्या कडांना आणि जिभेखाली पांढरा वा लाल चट्टा, गाठ, तीन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का ते पाहावे. मग स्वतःच्याच हाताची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात घालून पाहावीत. ती सहज जायला हवीत. दोनच जात असतील, किंवा वरीलपैकी काही दिसले, तर दुखत नाही म्हणून थांबू नये. त्याच आठवड्यात दंतवैद्याला किंवा आपल्या डॉक्टरांना तोंड दाखवावे, आणि पुडी त्याच दिवशी बंद करावी.