घाटरस्त्यावरचा स्पीकर

चि. भाच्यास,


मोटरसायकलचे जुने स्पीकर काढून नवे बसवायचा तुझा बेत मामाच्या कानावर आला. नाशिकच्या दुकानात ‘५०० वॅट’ छापलेला डबा उचलण्याआधी एवढं वाच. डब्यावरचा तो मोठा आकडा बहुधा क्षणभराच्या उसळीचा असतो. स्पीकर सतत किती वॅट पेलतो, ते आरएमएसच्या आकड्यावरून कळतं. त्याहून मोलाचा आकडा बारीक अक्षरात असतो, तो म्हणजे संवेदनशीलता: १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल.

या संवेदनशीलतेचं महत्त्व तारपा या वाद्यावरून समजेल. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा तारपा वाजवतात. तारप्याला वीज लागत नाही. सुकवलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा, आणि माणसाच्या छातीतली फुंकर. तेवढ्यावर अख्खा फेर नाचतो, कारण कर्णा ती फुंकर वाया जाऊ देत नाही. स्पीकरचंही तसंच असतं. ८७ डेसिबलचा स्पीकर २० वॅटवर जेवढा घुमतो, तेवढा ९३ डेसिबलचा ५ वॅटवरच घुमतो.

दुचाकीवर हा फरक थेट बॅटरीला जाणवतो. १००-१२५ सीसीच्या गाडीत साधारण १२ व्होल्टची, तीन-चार अँपिअर-तासांची बॅटरी असते. ५० वॅट ओढणारा अँप्लिफायर (अँप) चार अँपिअरहून जास्त मागतो. कुठे थांबून इंजिन बंद ठेवून गाणी लावून बसलास, तर तासाभरात गाडी किक मारायला लावणार.

मोठ्या वूफरचा नाद सोड. चारचाकीत बंद काचांमुळे खर्ज टिकतो, उघड्या हवेत तो विरून जातो. साडेतीन-चार इंचांचा, बंद खोक्यातला स्पीकर घे.

अँपवर ४ ओहम लिहिलं असेल, तर त्याच्या एकाच जोडणीवर ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर लावू नकोस. भार २ ओहमचा होतो आणि अँप तापून जळतो.

घाटाच्या वळणावर समोरून येणाऱ्या एसटीचा हॉर्न ऐकू येईल, इतपतच आवाज ठेव. हे मामाचं कळकळीचं सांगणं आहे. जव्हारात पतंगशाह कुटीर रुग्णालयाच्या परिसरात तर गाणं बंदच कर. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयं, शाळा आणि न्यायालयांभोवती किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र राज्य सरकारला जाहीर करता येतं. अशा क्षेत्रातली मर्यादा दिवसा ५०, रात्री ४० डेसिबल.

आपल्याकडच्या पावसात स्पीकरचा कागदी पडदा टिकत नाही. पडदा पॉलिप्रॉपिलीनचा आणि कड रबराची बघून घे. पाण्याच्या झोतासाठी किमान आयपीएक्स ५ दर्जा हवा. अँपची वायर हेडलाइटच्या तारेतून काढू देऊ नकोस. बॅटरीपासून स्वतंत्र ओढून घे, इग्निशनवर चालणारा रिले लाव, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसव. मिस्त्री ‘फ्यूज नंतर टाकू’ म्हणाला, तर गाडी त्याच्याकडे सोडू नकोस.

तुझा,
मामा