पाळण्यांसाठी बोरमाळ नको

नांदगाव, जि. नाशिक
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

चि. बाळ यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

आत्या परवा मनमाडला बारशाला गेली होती. पंगतीत तुझ्या चुलत मावशीने सांगितलं, की तू दिवाळीत मुलांना सिंगापूरचं युनिव्हर्सल स्टुडिओ दाखवायला नेणार आहेस. त्यासाठी दोन लाख उभे करायचे म्हणून आजीची बोरमाळ आणि सूनबाईच्या पाटल्या चाकणच्या एका फायनान्स कंपनीत तारण ठेवणार आहेस. ठेवणार आहेस की ठेवल्याही आहेस, ते तिला नीट सांगता येईना. आत्याचा पुढचा घास घशाखाली उतरला नाही. फोनवर हे बोलणं होत नाही. तू "बघू गं आत्या" म्हणतोस आणि विषय तिथेच संपतो, म्हणून हे पत्र.

ती बोरमाळ याआधी एकदा गहाण पडली होती, हे तुला दादाने सांगितलं असेलच. साल १९७२. न्यायडोंगरीच्या विहिरी तळाला गेल्या होत्या, अख्खा महाराष्ट्र दुष्काळाच्या कामांवर खडी फोडत होता आणि पोरं सुकडीवर दिवस काढत होती. आत्या तेव्हा बारा वर्षांची होती. बैलजोडी जगवायला कडबा हवा होता. आजीने माळ काढून आबांच्या हातात दिली, तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त पदर गळ्याभोवती घट्ट ओढून घेतला. माळ सोडवायला पुढे कितीतरी सुग्या गेल्या. जनावरं मरू नयेत म्हणून गेलेली ती माळ आता पाळण्यात बसण्यासाठी जावी, हे आत्याच्या मनाला पटत नाही. रागावू नकोस, पण पटत नाही.

तारणाचा व्यवहार कसा चालतो ते तुला ठाऊक असेल, तरी आत्या सांगणार. बोरमाळेचे मणी आतून लाखेवर असतात. तारण ठेवताना लाख वजा होते आणि निव्वळ सोन्याचंच वजन धरतात. हातात येणारी रक्कम त्या सोन्याच्याही पूर्ण किमतीएवढी नसते. मुदत टळली, व्याज थकलं की नोटीस येते आणि त्यानंतर लिलाव. अशा लिलावांच्या जाहिराती वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत छापून येतात, पानच्या पान भरून. त्या यादीत नुसते खाते क्रमांक असतात. कोणाची नथ, कोणाची एकदाणी, ते तिथे लिहिलेलं नसतं.

आता हिशेब. दोन लाखांवर वर्षाला बारा टक्के व्याज धरलं, तर चोवीस हजार रुपये नुसतं व्याज होतं, मुद्दल तसंच. तेच क्रेडिट कार्डावर टाकलंस आणि थकवलंस, तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला बेचाळीस. सिंगापूरला निघायच्या आधीच चौघांचे पासपोर्ट काढावे लागतील. मोठ्यांचे पंधराशे-पंधराशे, लहानांचे साधारण हजार-हजार, म्हणजे पाचेक हजार तिथेच गेले. वर व्हिसा, वर विमान. इतकं करून सेंटोसा बेटावरच्या त्या बागेत पोहोचल्यावर मोठ्या पाळण्यांच्या फाटकाशी उंचीची पट्टी असते. थोरला आठ वर्षांचा, धाकटी चारची. मोठ्या रोलर कोस्टरला दोघांनाही घेतील असं वाटत नाही. म्हणजे तुम्ही दोघं आळीपाळीने पोरं सांभाळत खाली उभे राहणार.

आणि तुझ्या चाकणहून तासा-दीड तासाच्या वाटेवर काय आहे? घाट उतरला की खोपोली, आणि खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका. मनमोहन शेट्टींनी २०१३ मध्ये ते सुरू केलं. पुढच्या वर्षी शेजारी वॉटर पार्क आलं, मग बर्फाचं पार्क. त्याची गोष्ट नीट ऐकण्यासारखी आहे. एवढा मोठा पसारा उभारायला कंपनीने भरमसाट कर्ज काढलं. जुलै २०१७ मध्ये अशा बागांच्या तिकिटावर २८ टक्के जीएसटी लागला, तो २५ जानेवारी २०१८ पासून १८ वर आला. मग करोनात फाटकंच बंद झाली. कर्ज फेडणं जमेना. शेवटी बँकांशी तडजोड होऊन २०२२ मध्ये कंपनीचा ताबा संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेला. आबांच्या कोपरीच्या खिशात जी गाय छाप जर्द्याची पुडी असायची, ती यांचीच. ज्यांचा धंदाच पाळण्यांचा, त्यांनाही पाळण्यांसाठी काढलेलं कर्ज झेपलं नाही. आपल्याला ते कुठून झेपणार? बोरमाळेच्या काळजीने आत्याला झोप येत नाही, ती यासाठी.

जाऊ नको असं आत्या म्हणत नाही. जा, आणि असा जा.

अशा बागांचं तिकीट सगळे दिवस सारखं नसतं. शनिवार-रविवार आणि सणाची सुट्टी महाग, मधला वार स्वस्त. भाऊबीजेनंतर शाळा उघडायच्या आत एखादा मंगळवार-बुधवार काढ. पाळी बदलून मिळते का ते आजच सुपरवायझरला विचार. पैसेही वाचतील आणि रांगेतला वेळही. तिकीट घरूनच ऑनलाइन काढ, फाटकावर जाऊन काढू नकोस. मुलांचं तिकीट बहुतेक ठिकाणी वयावर नसतं, उंचीवर असतं. त्यामुळे दोघांची उंची आधी मोज. दिवाळीत गारठा असतो, तेव्हा पाण्याचं पार्क यंदा राहू दे. तिथे सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे भाड्याने घ्यावे लागतात, लॉकरचे वेगळे पैसे.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. म्हणून सूनबाईला सांग, पहाटे दशम्या करून घे, शेंगदाण्याची चटणी आणि दही घे, आणि फाटकात शिरण्याआधी पोरांना पोटभर खाऊ घाल. रिकाम्या बाटल्या सोबत ठेव. आत दुपारी एकदाच काहीतरी घ्या, पण ते पोरांच्या पसंतीचं घ्या. तिथे हात आखडू नकोस. गाडी ठरवण्याचीही गरज नाही. तळेगावहून लोकलने लोणावळा, तिथून घाट उतरून खोपोली. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धं, आणि धाकटी तर अजून पाचची व्हायची आहे. म्हणजे चौघांत पूर्ण तिकीट तुझ्या एकट्याचं. दोन लाखांचं जे वर्षाचं व्याज तू भरणार होतास, त्यात हा सगळा दिवस होऊन वर पैसे उरतील. आणि दर वर्षी होईल.

सिंगापूरचीच हौस असेल तर तीही कर, पण साठवून कर. बँकेत महिन्याला दोन-तीन हजारांची आरडी लाव. भिशीचा नंबर लागेल तेव्हा ते पैसे त्यातच टाक. पोरांची उंचीही तोवर पट्टीच्या वर जाईल. सिंगापूरचं ते पार्क २०१० पासून उभं आहे, दोन-चार वर्षांत कुठे जात नाही.

हे लिहिलं आणि आत्याचा हात थांबला. कारण असंच एक वाक्य तिने पूर्वी म्हटलं होतं.

तुझ्या लहानपणी मे महिन्यात तुम्ही सगळी भावंडं नांदगावला यायचात. टीव्हीवर एस्सेल वर्ल्डची जाहिरात लागली की अंगणातली पोरं धावत आत. गोराईच्या खाडीपलीकडे, होडीत बसून जायचं, १९८९ मध्ये सुरू झालेलं. १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडम उघडलं, तेव्हा तू दहा वर्षांचा असशील. तू विचारलंस, "आत्या, आपण कधी जायचं?" आत्या म्हणाली, कांद्याला भाव लागला की पुढच्या वर्षी. कांद्याचं तुला माहीत आहे. एका वर्षी भाव लागला तर घराचं छत गळायला लागलं, दुसऱ्या वर्षी कूपनलिका घ्यावी लागली. पुढचं वर्ष पुढेच सरकत राहिलं. मुंबई काही लांब नव्हती. सकाळी मनमाडहून पंचवटी धरायची, रात्री कोणाकडे तरी वळकटी टाकायची. पैसे अगदीच नव्हते असंही नाही. डब्यात थोडे असायचे, पण ते मोडायचं धाडस तिला झालं नाही. पोरांना मिशा फुटल्या, त्यांनी विचारणं सोडून दिलं, आणि करोनानंतर एस्सेल वर्ल्ड बंदच झालं. आता न्यायचं म्हटलं तरी कुठे नेणार?

त्यामुळे तू पोरांना का नेऊ पाहतोस, हे आत्याला कळत नाही असं समजू नकोस. फार चांगलं कळतं. दहा वर्षांच्या पोराला जे मिळालं नाही, ते तू तुझ्या पोरांना द्यायला निघाला आहेस, आणि एकदम सिंगापूरएवढं द्यायला निघाला आहेस. त्यातला थोडा वाटा आत्याच्या त्या "पुढच्या वर्षी"चाही असेल. म्हणूनच यंदा जा. आरडीची मोठी सहल नंतर, छोटी यंदाच. फक्त बोरमाळ नको.

खोपोलीही नको वाटली, तर सरळ नांदगावला या. शिर्डी आपल्याला मनमाडवरून जवळ. तिथे मालपाण्यांचंच वेट एन जॉय वॉटर पार्क आहे आणि साई तीर्थ म्हणून देवादिकांच्या देखाव्यांचं पार्क आहे. धाकटीला ते जास्त आवडेल. राहायला संस्थानचं भक्तनिवास, जेवायला प्रसादालय. तिथे उन्हाच्या आरशांवर वाफ तयार करून स्वयंपाक करतात, ते थोरल्याला दाखव. त्याला यंत्रांचा नाद आहे ना, तुझ्यासारखाच.

दुसऱ्या दिवशी वेरूळ. १९०० साली मनमाडवरून निजामाची रेल्वे सुरू होईपर्यंत वेरूळ-औरंगाबादला जाणारे साहेबलोक आपल्या नांदगाव स्टेशनावर उतरून टांग्याने जायचे. त्या काळी पाहुण्यांची वर्दळ आपल्या फाटकासमोर असायची. आता आपण एसटीने जाऊ. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांत तिकीट नाही. फक्त मंगळवार टाळायचा, त्या दिवशी लेणी बंद असतात. कैलास लेणं वरून खाली कोरत आणलंय, हे पोरांना आत्या सांगेल. तिचे गुडघे दुखतात, पण तेवढं चालेल ती.

रेल्वेने येणार असाल तर आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे दिवाळीचं केव्हाच सुरू झालंय. आज रात्रीच बघ. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ घेतला नाही तर अर्धं भाडं पडतं. थोरल्याला तुझ्याजवळच झोपव, अजून मावतो तो. आणि नाही मिळालं आरक्षण, तर एसटी आहेच.

आता शेवटचं. बोरमाळ अजून घरात असेल, तर हे सगळं पत्र म्हाताऱ्या माणसाची बडबड समज आणि विसरून जा. पण ठेवली असशील, तर लाजू नकोस, लपवू नकोस आणि सूनबाईवर चिडू नकोस. तिने कोणाला तरी सांगितलं म्हणूनच ही गोष्ट मनमाडपर्यंत आली. तारणाची पावती घेऊन ये. आत्याची पोस्टात थोडी ठेव आहे, या मार्गशीर्षात मुदत संपते. ती काढू आणि जाऊन सोडवून आणू. तू सवडीने फेड, व्याज नको. आत्या एक शब्द बोलणार नाही, आणि तुझ्या आईच्या कानावरही जाऊ देणार नाही.

पोरांची तिकिटं मात्र आत्याकडून. खोपोली असो की शिर्डी, तिथे नाही म्हणायचं नाही. त्यासाठीच दोघांची उंची मोजायला सांगितली आहे. दाराच्या चौकटीला पाठ लावून, चपला काढून मोज, थोरला टाचा वर करतो तिकडे लक्ष ठेव, आणि आकडे लगेच कळव. धाकटीला कडबोळी आवडतात की शंकरपाळे, तेही विचारून कळव, म्हणजे भाजणी दळायला टाकता येईल.

तुझी,
आत्या