उतारशाळेतील पाहुणा
शास्त्रपाठ : लूक १०:२५-३७

चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत आपल्या इतका परिचयाचा आहे की, तो वाचताना आपले लक्ष याजक, लेवी आणि शोमरोनी या तिघांवरच खिळून राहते. जखमी मनुष्य जनावरावर बसविला गेला की कथा संपली, असे आपणांस वाटते. वस्तुतः तेथे दुसरी कथा सुरू होते आणि ती एका घराची आहे. लूकने त्या घरासाठी योजिलेला मूळ ग्रीक शब्द 'पांडोखेयॉन' हा होय. 'पान' म्हणजे सर्व आणि 'देखोमाय' म्हणजे स्वीकारणे. सर्वांना आत घेणारे घर, असा त्याचा शब्दशः अर्थ. नव्या करारात हा शब्द या एकाच ठिकाणी येतो. बेथलेहेमात मरीया व योसेफ यांना जेथे जागा मिळाली नाही, त्या जागेसाठी लूकनेच निराळा शब्द वापरला आहे (लूक २:७). आपल्या प्रचलित भाषांतरात दोन्हीकडे 'उतारशाळा' आल्याने हा भेद झाकला गेला. अशा झाकल्या गेलेल्या भेदांची रुखरुख भाषांतर करणाऱ्याला जन्मभर सोबत करते, ते असो.

हा शब्द पुन्हा मनात जागा झाला तो तामिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर येथे. भाषांतराच्या कामासाठी मी तेथे काही दिवस होतो. चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे ४० किलोमीटरवर हे गाव आहे. रामानुजाचार्यांचे हे जन्मस्थान. गुरूकडून गुप्तपणे मिळालेला मंत्र त्यांनी तिरुकोष्टियूरच्या गोपुरावर चढून सर्व लोकांना ऐकविला, अशी परंपरा सांगते. 'सर्वांना' या शब्दाची किंमत त्या भूमीला ठाऊक आहे. आज गावाच्या आसपास मोटारींचे व इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे कारखाने उभे आहेत आणि दूरदूरच्या प्रांतांतून आलेले मजूर भाड्याच्या खोल्यांत दाटीने राहतात. तामिळनाडूत दारूची किरकोळ विक्री २००३ पासून सरकारी महामंडळाच्या हाती आहे. एका संध्याकाळी अशाच एका दुकानापासून थोड्या अंतरावर रस्त्याच्या कडेला एक मनुष्य पडलेला दिसला. लोक त्याला वळसा घालून जात होते. मीही क्षणभर थांबलो, आणि माझ्यापुढे प्रश्न उभा राहिला तो असा : याला उचलले, तर न्यायचे कोठे?

हा प्रश्न मला नवा नव्हता. सुमारे वीस वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील एका शहरात बेघर पुरुषांसाठी चालणाऱ्या एका लहानशा आश्रयगृहाच्या समितीवर मी होतो. 'दारू पिऊन आल्यास प्रवेश नाही' हा आमचा पहिला नियम. हाताने गवंडी असलेला एक मनुष्य तेथे आठ महिने राहिला. तिसऱ्यांदा तो पिऊन आला तेव्हा त्याला काढून टाकण्याचे पत्र मी स्वतः लिहिले व त्यावर सही केली. नियमाप्रमाणे सारे बरोबर होते. बाहेर पडल्यावर त्याच्या खिशात पैसे उरले नाहीत, म्हणून दारूही बंद झाली. दोन दिवसांनी पदपथावर त्याला झटके आले. मी रुग्णालयात पोहोचलो तेव्हा तेथील डॉक्टरांनी मला एवढेच विचारले, "इतक्या वर्षांची दारू याची एकाएकी कोणी तोडली?" तो मनुष्य त्या रुग्णालयातून परत आला नाही.

दारू सोडणे चांगले, हे आपण सारे जाणतो. परंतु ज्याचे शरीर वर्षानुवर्षे दारूवर चालले आहे, त्याने ती एकदम सोडणे जिवावर बेतू शकते, हे आपल्या मंडळ्यांत फारसे कोणी सांगत नाही. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांत हातपाय कापू लागतात. बहुधा पहिल्या दोन दिवसांत झटके येण्याचे भय असते. त्यानंतर काहींना भ्रम होतो, भास होतात, ताप चढतो. अशा वेळी केवळ प्रार्थना करून खोलीचे दार लावून घेणे हा विश्वास नव्हे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे देऊन दारू उतरविणे ही आज सर्वमान्य रीत आहे.

मग जो सोडू शकत नाही, किंवा अजून सोडू इच्छित नाही, त्याचे काय? अमेरिकेतील सिएटल शहरात या प्रश्नाला एक धाडसी उत्तर दिले गेले. ईस्टलेक मार्गावरील १८११ क्रमांकाच्या इमारतीत डिसेंबर २००५ मध्ये ७५ जणांसाठी घरे उघडली. रस्त्यावर राहणारे व दारूने पार खचलेले लोक त्यांत घेतले गेले. दारू सोडण्याची अट घातली नाही. आपल्या खोलीत पिण्यास मनाई नव्हती. शहरात गदारोळ झाला. हे तर सरकारी खर्चाने चाललेले व्यसन, असे लोक म्हणाले. २००९ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात या घरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घर मिळालेल्या ९५ जणांची तुलना यादीत खोळंबलेल्या ३९ जणांशी केली होती. रुग्णालये, तुरुंग इत्यादींवर होणारा खर्च घर मिळालेल्यांच्या बाबतीत पुष्कळच खाली आला होता. पुढे त्याच घरांतील रहिवाशांची दोन वर्षे पाहणी केली, तेव्हा त्यांचे पिणेही कमी झाल्याचे आढळले. सोडा म्हणून कोणी मागे लागले नसताना ते कमी झाले, हे मला विशेष वाटते.

त्याच शहरात बेघर असलेल्या ३०८ मद्यपींवर केलेला आणखी एक अभ्यास २०२१ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकात आला. त्यातील समुपदेशक दारू सोडण्याचे वचन मागत नसत. तुला काय हवे आहे, त्या दिशेने तू कोठवर आलास आणि पितोस ते कमी धोक्याचे कसे करता येईल, या गोष्टींवर ते बोलत. नेहमीच्या सेवेच्या तुलनेत या रीतीने दारूपासून होणारी हानी अधिक घटली.

आपल्या देशात असे घर माझ्या पाहण्यात नाही; परंतु त्याचा पाया चेन्नईत घातला गेला आहे. १९९३ साली वंदना गोपीकुमार व वैष्णवी जयकुमार या दोन तरुणींनी रस्त्यावरील मनोरुग्ण स्त्रियांसाठी 'द बनियन' ही संस्था सुरू केली. तिच्या 'होम अगेन' या उपक्रमात चारपाच जणी सामान्य वस्तीतील भाड्याच्या घरात एकत्र राहतात. स्वयंपाक, बाजार, शेजार सारे त्यांचे, आणि सोबतीला एक साहाय्यक. ही घरे दारूसाठी काढलेली नाहीत. तरी मनुष्याला आधी घर द्यावे व मग त्याच्या आजाराशी झगडावे, हा क्रम तेथे दिसतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही दारूच्या अतिसेवनाशी निगडित मनोविकारांना आजारात गणले आहे व आधारासह निवासाची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर ठेवली आहे. दारुडा म्हणून ज्याला आपण हाकलतो, तो कायद्याच्या दृष्टीने रुग्ण असू शकतो.

अशा घरात हानी कमी करायची म्हणजे काय करायचे? कामे अगदी घरगुती आहेत. उपाशीपोटी पिऊ नये म्हणून संध्याकाळचे जेवण लवकर वाढणे. मद्यप्यांच्या शरीरात ज्याची वाण पडते ते थायमिन हे जीवनसत्त्व डॉक्टरांच्या सल्ल्याने देणे. ते न मिळाल्यास बुद्धीला कायमची इजा होऊ शकते. झोपेच्या गोळ्या दारूबरोबर घेऊ न देणे. बेशुद्ध पडलेल्यास कुशीवर निजविणे, उताणे नव्हे, आणि त्याचा श्वास पाहत राहणे. हातभट्टीची दारू किती घातक असू शकते, हे पुन्हा पुन्हा सांगणे; मुंबईत मालवणी येथे २०१५ मध्ये शंभरावर माणसे विषारी दारूने मेली, तामिळनाडूत कल्लकुरिची येथे २०२४ मध्ये साठांहून अधिक. पिण्यानंतर दृष्टी अंधुक झाली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठणे. आणि नियम करायचाच, तर तो वर्तनाचा करावा, तोंडाच्या वासाचा नव्हे. मारहाण करणाऱ्याला आवरलेच पाहिजे. मुकाट्याने येऊन निजणाऱ्याला मात्र निजू द्यावे.

येथे कोणी वडीलजन विचारतील, शास्त्र मद्यपानाला दोष देत नाही काय? देते, आणि स्पष्टपणे देते. इफिसकरांस लिहिताना पौलाने मस्तीच्या परिणामासाठी 'असोतिया' हा शब्द वापरला आहे (इफिस ५:१८). जेथे काहीच राखले जात नाही, सारे उधळले जाते, ती ही अवस्था. धाकटा पुत्र दूर देशी ज्या रीतीने वागला, तिलाही लूकने त्याच धातूचा शब्द दिला आहे (लूक १५:१३). मी स्वतः दारूला शिवत नाही, आणि दुर्बळ भावासाठी द्राक्षारस वर्ज्य करण्याचे पौलाचे मत (रोम १४:२१) मला बंधनकारक वाटते. परंतु पौल तेथे सबळाला वर्ज्य करण्यास सांगतो. दुर्बळाला घराबाहेर काढण्यास सांगत नाही.

दुसरी शंका अधिक वजनदार आहे. नुकतीच दारू सोडलेल्या मनुष्याच्या शेजारच्या खोलीत कोणी पीत बसला, तर पहिल्याचे काय होईल? ही भीती खरी आहे. दोघांना एका छपराखाली ठेवू नये, असेच माझे मत आहे. सोडलेल्यांसाठी निराळे घर असावे, आणि ज्या घरात बायकामुले आहेत तेथे सिएटलचा कित्ता मुळीच गिरवू नये. त्यासाठी दोन घरे लागतील, पैसा अधिक लागेल.

पैशाचा उल्लेख दृष्टांतातही आहे. शोमरोनी दोन दीनार देतो व सांगतो की, याहून अधिक खर्च झाला तर परत येईन तेव्हा भरून देईन. या अधिक खर्चासाठी लूकचे क्रियापद 'प्रोसदापानाओ' असे आहे. त्याचे मूळ रूप 'दापानाओ' लूकने पाच अध्यायांनंतर पुन्हा योजिले आहे. धाकट्या पुत्राने आपले सर्व काही खर्चून टाकले, तेथे (लूक १५:१४). शोमरोन्याने रक्कम ठरविली नाही, मुदतही घातली नाही. आणि उतारशाळेच्या रक्षकाने त्या अवस्थेतील पाहुण्याला ठेवून घेतले की नाही, हे प्रभूने सांगितलेले नाही.